पुढचा स्ट्रट आणि मागचा शॉक: खरेदीपूर्वी समजून घ्यायचा फरक

गाडीचे चारही शॉकअप बदलायचे आहेत असे सांगून सुट्या भागांच्या दुकानात उभे राहिले, की विक्रेता गाडीचे मॉडेल, साल आणि इंधन विचारतो आणि चार खोकी पुढे ठेवतो. त्यांतली दोन लांब आणि जड असतात, उरलेली दोन सडपातळ असतात आणि त्यांच्या किमतीही बऱ्याच कमी असतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडान गाड्यांत पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि मागच्या चाकांना साधा शॉक ॲब्सॉर्बर असतो. गॅरेजमध्ये दोहोंनाही शॉकअपच म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. खरेदी करताना मात्र बिघडते, कारण शॉक हा एकटा बदलता येणारा भाग आहे, तर स्ट्रट सोडवला की त्याच्याभोवतीचे चार-पाच भाग हातात येतात. त्यांचा विचार आधी केला नसेल, तर तीच मजुरी काही महिन्यांनी पुन्हा भरावी लागते.

आतून पाहिले तर दोघांचे काम एकच आहे. तेलाने भरलेली नळी, तिच्यात वरखाली सरकणारा दट्ट्या आणि त्या दट्ट्यातल्या बारीक झडपा एवढाच मामला असतो. चाक खड्ड्यातून वर आले की दबलेली स्प्रिंग उसळू पाहते; दट्ट्याला मात्र तेल त्या अरुंद झडपांतून रेटावे लागते, त्यामुळे उसळी लवकर शमते आणि तिची ऊर्जा तेल तापवण्यात खर्च होते. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉक पेलत नाही. तरीही ‘गाडी मागून बसली आहे, शॉकअप बदलून द्या’ ही मागणी नेहमीच ऐकू येते. बसलेली गाडी नव्या शॉकने उठत नाही. फार तर गॅसच्या दाबाने किंचित फरक पडतो. तिथे दोष स्प्रिंगमध्ये किंवा पाट्यांमध्ये (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांमध्ये) शोधायचा असतो.

फरक सुरू होतो तो चाकाला जागेवर कोण धरून ठेवते या प्रश्नापाशी. दार हळू मिटावे म्हणून त्याच्या वरच्या अंगाला बसवलेला डोअर क्लोजर काढून टाकला, तरी दार बिजागरीवर उभेच राहते. साधा शॉक हा तसा आहे. तो काढला तरी चाक आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) किंवा बीम (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी तुळई) यांच्या आधाराने आपल्या जागी राहते, फक्त गाडी डुलत राहील. स्ट्रट मात्र क्लोजरही आहे आणि बिजागरीही. त्याचे खालचे टोक चाकाच्या नकलला (ज्यावर चाक बसते त्या धातूच्या भागाला) बहुधा दोन जाड बोल्टांनी घट्ट जखडलेले असते, वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्यात बसलेले असते, आणि चाकाला वरच्या बाजूने धरणारे त्याच्याखेरीज दुसरे काहीही नसते. तो काढला की चाक बाहेरच्या बाजूला कलंडते.

ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची. जनरल मोटर्समध्ये एका छोट्या गाडीच्या प्रकल्पावर काम करताना त्याने ती विकसित केली, पण तो प्रकल्प गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. १९५० साली ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमुळे ती रचना नावारूपाला आली. वरचा आर्म गाळल्यामुळे भाग कमी झाले, खर्च वाचला आणि इंजिनासाठी रुंद जागा मिळाली. पुढे आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या छोट्या गाड्या आल्यावर ही जागा फारच मोलाची ठरली. मात्र वाचवलेल्या आर्मचे काम स्ट्रटच्या, म्हणजे त्यातल्या दट्ट्याच्या, दांड्यावर येऊन पडले. ब्रेक दाबताना, वळण घेताना बाजूने येणारा रेटा त्यालाच सोसावा लागतो. म्हणून स्ट्रटचा दांडा साधारणपणे १८ ते २२ मिलिमीटर जाडीचा असतो, तर साध्या शॉकचा ११ ते १४ मिलिमीटर पुरतो. दोन खोक्यांच्या वजनातला फरक मुख्यतः इथून येतो.

आपल्या गाडीत कुठे काय आहे हे ओळखणे अवघड नाही, पण एक समज आधी दूर करायला हवा. नळीवर स्प्रिंग चढवलेली दिसली म्हणजे तो स्ट्रट, असे सर्रास मानले जाते आणि ते चूक आहे. टोयोटा इनोव्हा क्रिस्टाच्या पुढच्या चाकांपाशी वाकून पाहिले तर शॉकवर स्प्रिंग चढवलेली दिसते. परंतु तिथे चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म धरून आहेत, म्हणून तो शॉकच आहे. पुण्यात बनलेल्या आणि १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाच्या मागच्या चाकांनाही स्प्रिंग शॉकवरच बसवलेली होती, पण चाक धरायला तिथे वेगळा आर्म होता. उलट मारुती स्विफ्ट किंवा ह्युंदाई आय-२० यांसारख्या गाड्यांत मागे आडव्या बीमवर स्प्रिंग एका जागी आणि शॉक दुसऱ्या जागी असतो, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. मारुती ओम्नीत तर एकाच गाडीत दोन काळ नांदतात: पुढे स्ट्रट आणि मागे पाटे. तेव्हा स्प्रिंगकडे न पाहता नळीच्या खालच्या टोकाकडे पाहावे. नळी चाकाच्या नकलला दोन बोल्टांनी थेट जखडलेली असेल आणि वरचा आर्म कुठेच दिसत नसेल, तर तो स्ट्रट. टोकाला रबर बुश (रबरी अस्तर) असलेला डोळा, म्हणजे गोल भोक, असेल आणि त्यातून एकच बोल्ट आर्ममध्ये किंवा बीममध्ये गेला असेल, तर तो शॉक.

शॉकची खरेदी सरळ असते. मॉडेल, साल आणि प्रकार जुळला, दोन टोकांचे डोळे किंवा खिळे जुळले, मिटलेली आणि ताणलेली लांबी जुळली, की काम झाले. बहुतेक गाड्यांत मागचे डावे-उजवे शॉक एकसारखेच असतात. वरचे रबर वॉशर आणि बंप स्टॉप (शॉक पूर्ण मिटताना धक्का झेलणारा ठोकळा) खोक्यात आहेत की वेगळे घ्यायचे, एवढे तेवढे विचारून घ्यावे.

स्ट्रटच्या बाबतीत पहिला प्रश्नच वेगळा असतो: नुसती नळी घ्यायची की स्प्रिंग व माउंटिंगसह (स्ट्रटचे वरचे टोक पत्र्याला जोडणाऱ्या रबरी भागासह) जुळवलेला संच? आपल्याकडे बहुधा नुसती नळी मिळते आणि जुनी स्प्रिंग तिच्यावर चढवली जाते. मग वरचे माउंटिंग, त्यातले बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारे रबरी आवरण यांचे काय, हे ग्राहकाने ठरवायचे असते. माझे मत असे, की ७०-८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत नवी नळी घालून जुने माउंटिंग परत बसवणे ही काटकसर नव्हे. माउंटिंगचे रबर तोपर्यंत बसलेले असते, बेअरिंगमध्ये धूळ गेलेली असते, आणि ते बदलायचे झाले तर पुन्हा सगळा स्ट्रट खाली उतरवावा लागतो. आवरण फाटलेले ठेवले तर धूळ दांड्यावर बसून नव्या नळीचे सील घासते. स्प्रिंग तुटलेली, गंजलेली किंवा खचलेली नसेल तर ती मात्र खुशाल परत वापरावी.

दुसरा प्रश्न डाव्या-उजव्याचा. ब्रेकची नळी, एबीएसची वायर आणि लिंक रॉड (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारी सळई) अडकवण्यासाठी स्ट्रटवर पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्या दोन्ही बाजूंना आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट असतात, म्हणून पुढचे स्ट्रट डावे आणि उजवे असे स्वतंत्र क्रमांकांनी विकले जातात. डावे-उजवे हे चालकाच्या आसनावर पुढे तोंड करून बसून ठरते. ऑनलाइन मागवताना परदेशी विक्रेत्याच्या वर्णनात ‘चालकाची बाजू’ असे लिहिलेले असेल तर सावध राहावे. अमेरिकेत ती डावी असते आणि आपल्याकडे उजवी.

तिसरी गोष्ट इंधनाची. डिझेल इंजिन जड असते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा आणि स्ट्रट वेगळे असू शकतात. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेल्या गाडीत मागच्या बाजूचे भाग वेगळे असू शकतात. म्हणून नुसते मॉडेलचे नाव न सांगता नोंदणी प्रमाणपत्रावरचा १७ अक्षरी चासी नंबर दाखवून भागाचा क्रमांक काढून घेणे उत्तम. दोन्ही प्रकारांत खरेदी जोडीनेच करावी, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला भाग असला, की दोन्ही चाके रस्त्याला वेगवेगळी दाद देतात.

तेलाचा की गॅसचा, हा प्रश्न दोघांनाही लागू होतो, पण त्याला उगाच फार महत्त्व दिले जाते. गॅसच्या शॉकमध्येही काम तेलच करते. सतत खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येऊ नये म्हणून त्यावर नायट्रोजनचा दाब ठेवलेला असतो, एवढेच. नव्या गॅस शॉकचा दांडा पट्टीने बांधून येतो आणि पट्टी कापली की आपोआप बाहेर येतो, तेलाचा मिटवला तसाच राहतो. मूळ गाडीत जो प्रकार होता तोच घ्यावा. निर्मात्याबद्दल एवढेच सांगतो, की गाडीच्या कंपन्या सहसा शॉक स्वतः बनवत नाहीत. १९६१ साली स्थापन झालेल्या आणि चाकण व नाशिक येथे कारखाने असलेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्या त्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातूनही विकतात.

खरेदीपूर्वी दोष खरोखर याच भागात आहे ना, हेही पाहावे, आणि इथे स्ट्रट जास्त फसवा असतो. नळीवर तेलाचा पातळ ओलावा दिसणे चालून जाते. तेल ओघळून धूळ चिकटलेली असेल तर सील गेले. मात्र पुढून येणारी खडखड पुष्कळदा लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या बुशची असते. स्ट्रट स्टीअरिंगबरोबर फिरतो, शॉक फिरत नाही. म्हणून गाडी उभी ठेवून स्टीअरिंग पूर्ण वळवताना वरून ‘टक्’ असा आवाज येत असेल आणि बॉनेटखाली माउंटिंगवर ठेवलेल्या हाताला झटका जाणवत असेल, तर नळी चांगली असून केवळ वरचे बेअरिंग अडकत असण्याची शक्यता मोठी आहे.

बसवण्याच्या कामातही दोघांची जात निराळी. मागचा शॉक घरच्या घरी बदलणारे हौशी लोक आहेत आणि जॅकखाली पक्के स्टँड लावले असतील तर त्याला हरकत घेण्यासारखे काही नाही. फक्त रबर बुशचा बोल्ट चाक जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच शेवटचा आवळावा, नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते. स्ट्रटचे मात्र तसे नाही. त्यावरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि स्प्रिंग दाबून धरणारे अवजार न लावता वरचा नट सोडला, तर ती जिवावर बेतू शकते; हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावे. मेकॅनिक दांडा पक्कडीत धरून नट आवळत असेल तर त्याला तिथेच थांबवावे, कारण क्रोमवर पडलेला ओरखडा पुढे सील कापतो. नकलचे दोन बोल्ट सुटल्यामुळे चाकाचा कोन हलतो, म्हणून स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट अपरिहार्य आहे. बीमवरच्या मागच्या शॉकने कोणताही कोन बदलत नाही, त्यामुळे फक्त मागची जोडी बदललेली असताना बिलात अलाइनमेंटचे पैसे दिसले, तर ते कशाचे आहेत हे जरूर विचारावे.