शून्य आलं, की आकडाच आला नाही?

फॉर्ममध्ये भरलेली रक्कम प्रोग्रामला मिळते ती स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसती अक्षरं. हिशोब करायचा तर आधी तिची संख्या करावी लागते, आणि ते दर वेळी जमतंच असं नाही. न जमल्यास काय करायचं, हे प्रत्येक भाषेनं आपापल्या परीनं ठरवलंय. (वेगळं सांगितलं नसेल तिथे उदाहरणातले आकडे इंग्रजी अंकांत टाइप केलेत असं धरा.)

सी भाषेतलं एटूआय हे जुनं फंक्शन 'बारा' दिलं तरी ० परत करतं आणि '०' दिलं तरी ०. खरं शून्य कोणतं, हे कळायला मार्गच नाही. संख्या तिच्यासाठी ठरलेल्या जागेत मावली नाही तर काय होईल, याचीही हमी नाही. त्याऐवजी सी मधलंच स्ट्रटॉल हे फंक्शन वापरा. वाचन कुठे थांबलं ती जागा ते पॉइंटरमधून (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमधून) सांगतं. पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर अंक सापडलाच नाही. मध्येच असेल तर पुढे काहीतरी उरलंय. बोलावण्याआधी एररनो (एररचा क्रमांक जिथे नोंदला जातो ते) शून्य करा आणि नंतर तपासा, म्हणजे न मावणारी संख्याही पकडता येते. पाया १०, म्हणजे दशमान पद्धत, असा स्पष्ट द्या. ० दिलात तर सुरुवातीच्या शून्यामुळे '०१०' अष्टमान समजलं जातं आणि त्याचे ८ होतात.

जावास्क्रिप्टचं पार्सइंट मला सगळ्यांत धोकादायक वाटतं. '१,२५,०००' दिलं की ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि मुकाट्यानं १ देतं. सव्वा लाखाचा एक रुपया झाला, तरी एरर नाही! नंबर हे फंक्शन इथे 'नॅन' ('ही संख्या नाही' अशी खूण) देतं, ते बरं. पण रिकाम्या स्ट्रिंगचं ते ० करतं. म्हणून चौकट रिकामी नाही ना, हे आधी पाहावं. नॅन स्वतःशीसुद्धा समान नसतो, त्यामुळे बरोबरीचं चिन्ह इथे उपयोगाचं नाही; नंबरचं इजनॅन वापरावं.

पायथनचं इंट हे फंक्शन, संख्या करणं जमलं नाही तर, सरळ व्हॅल्यूएरर नावाचा एरर फेकतं. देवनागरी अंकांतलं '१२५' मात्र ते बिनतक्रार वाचतं, कारण युनिकोडमधले सगळे दशमान अंक त्याला चालतात. जावास्क्रिप्टच्या नंबरला ते चालत नाहीत. परिणामी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर पायथन असेल, तर एकच रक्कम ब्राउझर नाकारतो आणि सर्व्हर स्वीकारतो.

सगळी अक्षरं अंकच आहेत का, हे पायथनच्या इजडिजिटनं आधी तपासून मग इंटकडे पाठवण्याची सवय सोडावी: वर्गाचा छोटा '²' त्या तपासणीत पास होतो आणि इंटमध्ये अडकतो. थेट ट्रायमध्ये (एरर पकडण्याच्या ब्लॉकमध्ये) रूपांतर करा, त्यात तेवढी एकच ओळ ठेवा आणि फक्त व्हॅल्यूएरर पकडा. सगळेच एरर पकडलेत तर दुसरीकडचे बगही त्याखाली झाकले जातात. पकडल्यावर ० भरू नका. कोणत्या चौकटीत काय टाइप झालं होतं, ते वापरणाऱ्याला दाखवा.

अपूर्णांकांसाठीचं पायथनचं फ्लोट 'नॅन' आणि 'इन्फ' (अनंत) हे शब्दही संख्या म्हणून घेतं, तेव्हा संख्या मर्यादित आहे का, हे पाहणारी इजफायनाइटची तपासणी जोडा. रुपये-पैशांसाठी पायथनचा डेसिमल हा अचूक दशांशांचा प्रकार उत्तम, पण चुकीच्या स्ट्रिंगवर ते इनव्हॅलिडऑपरेशन फेकतं. ते व्हॅल्यूएररमध्ये मोडत नाही, त्यामुळे वेगळं पकडावं लागतं.