पितळेची रील आणताय? येताना घासून आणू नका

राम राम मंडळी.

दुकानात कोणी मासे धरायची जुनी रील, म्हणजे गळाच्या काडीला बसणारी दोरीची चक्री, घेऊन आलं की आम्हाला एकच गोष्ट सांगावी लागते. ती सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून हे पत्रक छापलं. माळ्यावर, धानाच्या कोठीमागे, आजोबांच्या पेटीत अशी चक्री सापडली, तर चिंच-राख लावून घासायचा मोह आवरा. फडक्यात गुंडाळा आणि आहे तशी आणा. काळी असली तर उलट बरं.

हे आम्ही चूक करूनच शिकलो. आमचं काम मूळचं तांबटाचं. गुंड, घागरी, गंगाळं ठोकायची, फुटकी भांडी झाळायची, कल्हई करायची. भंडाऱ्याची ओळखच पितळेच्या भांड्यांची. मग स्टील आलं, त्यामागून प्लास्टिक आलं आणि भात्याजवळची माणसं पांगली. त्या मंदीत एका जुन्या मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वाड्यातले काकाजी एक चक्री घेऊन आले. तळहाताएवढी, काळपट, शिंगाच्या मुठीची. "फिरून नाही राहिली बाबू, पाह्य जरासा," एवढंच म्हणाले. मी तेव्हा विशीत होतो. चक्री फिरती केली, वर चिंच लावली, बफिंगच्या चाकावर धरली आणि रुखवतातल्या तांब्यासारखी चमकवली. काकाजी शाबासकी देतील असं वाटत होतं. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला. तिथं कारखान्याचं नाव कोरलेलं होतं, ते निम्मं उडालं होतं. पैसे दिले, पानाचा डबा उचलला आणि गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

या चक्र्या इथं आल्या कुठून

इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. जंगल खात्याचे, पाटबंधाऱ्याचे, रेल्वेचे गोरे साहेब वैनगंगेकाठी आणि तलावांवर मुक्कामाला असत, आणि त्यांच्या सामानात बंदुकीबरोबर गळाची काडी असायची. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये उभी राहिली. गोंदियाहून कलकत्त्याची वाट त्यामुळे सरळ झाली. साहेबांचं पाहून काही मालगुजारांनाही हा नाद लागला. तलाव त्यांचेच, मासे त्यांचेच, वेळ भरपूर. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, लोक त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणू लागले. काड्या आणि चक्र्या वाड्याच्या कोठीत पडून राहिल्या.

दुसरी वाट वेगळी आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे आणि गोंदियात अर्जुनी मोरगावकडे वसवली गेली. गळाची खरी हौस त्या मंडळींची. ते रीलला 'हुईल' म्हणतात, इंग्रजी व्हीलवरून आलेला शब्द. त्यांच्याकडच्या चक्र्या बहुधा साध्या, बिननावाच्या असतात, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. एका आजोबांनी आणलेल्या हुईलच्या कडेला बोट फिरवलं तर जिथं त्यांचा अंगठा वर्षानुवर्षं टेकत होता तिथं खोलगटा पडलेला. तो खोलगटा भरून काढू का, असं मी विचारलं होतं. "मग मी अंगठा कुठं ठेवू?" म्हणाले.

किमतीबद्दल एकदाच सांगून टाकतो, कारण मोबाइलवर काहीबाही पाहून लोक येतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चक्र्यांना बाजारात फारसं मोल नाही. पितळेची, मुठीच्या एका फेऱ्याला फिरकीचा, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाचा, एकच फेरा देणारी साधी रील इंग्लंडात आणि कलकत्त्यात ढिगानं बनली. लाकडी फिरकी आणि मागे पितळेची चांदणी असलेली नॉटिंगहॅम पद्धतीची रील दिसायला देखणी, पण लाकूड इथल्या उन्हात आणि पावसात हटकून वाकतं. इंग्लंडातल्या अ‍ॅनिक गावची हार्डी कंपनी १८७२ ची. तिची 'परफेक्ट' नावाची रील, जिच्या आत बेअरिंगच्या गोळ्या असतात, ती मिळाली तर मात्र स्क्रूलाही हात लावू नका. रेडिच हे सुयांचं आणि गळांचं गाव, तिथल्या ऑलकॉक कंपनीचा माल अधूनमधून येतो. अलीकडच्यांत फ्रान्सची मिचेल आणि स्वीडनच्या अ‍ॅबू कंपनीची लाल अ‍ॅम्बॅसडर. ही दुसरी १९५० च्या दशकातली आणि आजही मासा ओढते. नाव काहीही असो, आजोबांची असेल तर विकायची कशाला, हे आमचं मत. विकणं-न विकणं तुमच्या मर्जीवर.

पितळेचं थोडं

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच, लिंबू, आंबट ताक यांनी घासलं की वरचा काळा थर जातो आणि पितळ हसतं, हे खरं. पण आंबट जास्त वेळ राहिलं की वरच्या पातळ थरातलं जस्त निघून जातं, मागे तांब्यासारखी लाली राहते आणि ती पुन्हा पितळी करता येत नाही. शिवाय काही रीलवर कारखान्यानंच मुद्दाम गडद रंग चढवलेला असतो, पाण्यावर ऊन पडल्यावर ती चमकून मासा बिचकू नये म्हणून. तो तुम्ही मळ समजून काढता.

काळं आणि हिरवं यांत मात्र फरक करा. काळं राहू द्या. हिरवा, चुऱ्यासारखा कळंक असेल तर तो काढावाच लागतो, कारण तो खात जातो. आम्ही तो बांबूच्या टोकदार काडीनं खरवडतो, कोमट पाणी आणि साध्या साबणानं धुतो, लगेच कोरडं करतो आणि मेणाचा पातळ हात देतो. लोखंडी ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही.

आणि रील गोठ्यात किंवा गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवू नका. ही अंधश्रद्धा नाही. इंग्रजांच्या फौजेतली पितळी काडतुसं हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली की आपोआप तडकायची. जनावरांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून-दाबून बनवलेल्या पितळेतला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. रीलचा पाय, म्हणजे काडीला बसणारी पट्टी, वाकवूनच बनवलेला असतो आणि नेमका वळणावर तडा जातो. असे तडकलेले पाय आमच्याकडे वर्षात दोन-चार तरी येतात, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: "गोठ्यातल्या फळीवर होती."

आत काय बिघडतं

बहुतेक वेळा काहीच नाही. एरंडेल किंवा खोबरेल कोणीतरी कधीतरी सोडलेलं असतं, ते वाळून गोंद होतो आणि चक्री जाम. अशा वेळी जोर लावून फिरवू नका, दांडा वाकतो. रॉकेलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवलं की आपोआप सुटतं. एबोनाइटच्या, म्हणजे काळ्या कडक रबराच्या पाट्या असतील तर तेही करू नका, आणि गरम पाणी तर नाहीच. एबोनाइट उन्हानं आणि गरम पाण्यानं हिरवट-तपकिरी पडतं.

जुने स्क्रू आजच्या मापाचे नसतात. बाजारातला पेचकस त्यांच्या खाचेत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. आम्ही प्रत्येक रीलसाठी पेचकसाचं पातं कानसून घेतो. ग्राहकांना वाटतं आम्ही वेळकाढूपणा करतो. असू दे.

रील फिरवताना जो 'कर्रर्र' आवाज येतो, तो दातेरी चाकावर टेकलेल्या कुत्र्याचा. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच कुत्रा, मागे बारीक स्प्रिंग. मासा दोरी ओढतो तेव्हा फिरकी सैरावैरा सुटून गुंता होऊ नये, हे त्याचं काम. हा स्प्रिंग गंजून तुटलेला असतो दहापैकी सात रीलमध्ये, आणि तो आम्ही घड्याळाच्या जुन्या कमानीतून कापून बनवतो. आवाज मूळचाच निघेल याची हमी नाही. थोडा वेगळा निघाला तर पूर्वीच्या मालकाला कळतं, बाकी कोणाला नाही.

मुठीचं: शिंग तुटलं असेल तर म्हशीच्या शिंगाची मूठ कातून देतो. हस्तिदंताची मूठ असेल तर ती आम्ही बदलतही नाही, विकत घेतही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची भानगड आम्हाला नको आणि तुम्हालाही नको. साळिंदराच्या काट्याचे जुने तरंगते आणले तर पुसून देऊ, नवे मागू नका.

काडीबद्दल

फोडलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली काडी तोडली तर षट्कोनी दिसते. परदेशात आधी कलकत्त्याहून गेलेला बांबू वापरत, नंतर चीनमधला टोन्किन बांबू आला. जुन्या काड्यांचा सरस जनावराच्या कातड्याचा. इथला मे महिना आणि पाठोपाठ मृगाचा दमटपणा हे त्याचे दोन्ही वैरी. सांधा सुटला असेल तर फेव्हिकॉल भरून आणू नका. आम्हाला आधी तो काढावा लागतो, मग काम सुरू होतं, आणि पैसे दुप्पट लागतात.

काडीवरच्या, दोरी ओवायच्या कड्यांवरचा दोरा नव्यानं बांधायचा तर आम्ही आरमोरीकडचं टसर रेशीम वापरतो. व्हार्निश बसल्यावर ते मधासारखं होतं. वर लाखेच्या चपड्याचा हात. गोंदियाचं नाव गोंडांनी गोळा केलेल्या गोंदावरून पडलं असं सांगतात, लाखेचा व्यवहारही तिथला जुना. माल आम्ही तिथूनच उचलतो. काडीचे दोन तुकडे एकमेकांत अडकले तर पिळू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून सरळ ओढा. काडी कोपऱ्यात तिरकी टेकवून ठेवली की तिला कायमचा बाक येतो. खुंटीला उभी लटकवा, पिशवी कोरडी असू द्या.

मालवणात-कोकणात काय करतात ते माहीत नाही, आपल्याकडे मात्र मानवेलीची भरीव काडी शतकभर टिकते आणि तिला ना सरस लागतो ना सांध्याच्या नळ्या. कोणाकडे अशी जुनी काडी असेल तर तिला फक्त जवसाच्या तेलाचा हात द्या. दुकानात आणायची गरज नाही.

दोरी: इथं सगळ्यात जास्त रील मरतात

जुनी रेशमाची दोरी जवसाच्या तेलात मुरवलेली असते आणि वयानं चिकट होते. आठवण म्हणून ठेवा, माशासाठी नको. जुन्या गळांना बांधलेला रेशीमकिड्याचा तंतू तर हातानंही तुटतो.

नवी नायलॉन बांधायची तर आधी फिरकीवर सुती दोऱ्याचा जाड थर द्या. माझ्या थोरल्या भावानं ते केलं नाही. बाबांची पितळी चक्री, त्यावर कोरी नायलॉन दोरी, चांगली ताणून गुंडाळलेली. सोबत मोठा रोहू, तासभर ओढाओढी. घरी येऊन ओल्या दोरीसकट चक्री खुंटीला टांगली. सकाळी फिरकीच्या दोन्ही पाट्या पोट आल्यासारख्या फुगलेल्या आणि चक्री चौकटीत घट्ट. नायलॉन ताणली की बारीक होते आणि सैल सोडली की पुन्हा जाड व्हायला बघते. शे-दीडशे वेढ्यांचा तो दाब एकत्र येतो आणि पितळही वाकतं. ती चक्री सरळ करायला मला तीन दिवस लागले, आणि अजूनही एका जागी ती हलकेच घासते.

आणि मग तिचं करायचं काय

शोकेसमध्ये ठेवायला आणणाऱ्यांचं काम आम्ही करतो, पण जरा मनाविरुद्ध. अशी चक्री बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, न्यावी. आमच्या लहानपणी चक्री-बिक्री कुठली; तुरीच्या वाळल्या दांड्याला सुतळी, त्याला गरी, म्हणजे गळ, गरीला गांडूळ, आणि दुपारची शाळा बुडवलेली. एका गड्याची गरी एकदा म्हशीच्या कानात अडकली होती. पुढचं म्हशीला आणि त्यालाच माहीत.

पितळी चक्रीनं लांब फेकता येत नाही. ती फेकायची चीजच नव्हे. काठावर कमळाची पानं असतील तिथं हातानं दोरी मोकळी करत सोडा, अंगठा फिरकीच्या कडेवर हलका ठेवा. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर 'गप्' असा आवाज होतो, तेवढी खूण पुरे. चाऱ्याला बारकी बेडकी नाहीतर मुऱ्ही. रोहूसाठी भिजवलेली ढेप आणि कणीक. पावसाळ्यात लालभडक पिल्लांचा थवा पाण्यावर गोल फिरताना दिसला तर तिथं गरी टाकू नका. खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात, आणि ते गेले की थवा दिवसभरात संपतो.

बहुतेक मामा तलाव मच्छीमार संस्थांकडे ठेक्यानं असतात. आधी ढीवर बांधवांना विचारा, दोन शब्द बोलून घ्या. बरेचदा तेच सांगतात कुठं बसायचं. नवेगाव, पेंच, ताडोबा या राखीव जंगलांच्या आत गळ टाकणं बंद आहे, आमच्याकडून नीट केलेली रील घेऊन तिथं पकडले गेलात तर दुकानाचं नाव सांगू नका.

पाहून सांगण्याचे पैसे घेत नाही. काम किती दिवसांचं ते उघडल्यावरच कळतं. धानाच्या रोवणीत आणि कापणीत दुकान अर्धा दिवस बंद असतं, आणि बाजाराच्या दिवशी आलात तर घागरीवाल्या बायांच्या मागे रांगेत उभं राहावं लागेल.