अनाथोथच्या शेताचे खरेदीखत

17 शेकेल चांदी म्हणजे आजच्या वजनात जेमतेम 200 ग्रॅम. एवढ्या किमतीला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने चुलतभाऊ हनामेलचे शेत घेतले, तेव्हा, म्हणजे इ.स.पू. 587 च्या सुमारास, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने यरुशलेमला (जेरुसलेमला) वेढा घातला होता. खुद्द यिर्मया यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कैदेत होता. शेत होते अनाथोथला, शहराच्या ईशान्येला काही किलोमीटरवर, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्याच ताब्यातल्या मुलखात. असल्या जमिनीला कोण गिऱ्हाईक मिळणार?

व्यवहार मात्र कायद्याला धरून झाला. वडिलोपार्जित जमीन भाऊबंदांच्या बाहेर जाऊ नये, म्हणून ती सोडवून घेण्याचा पहिला हक्क जवळच्या नातलगाचा, असा नियम बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात आहे. यहूदात तेव्हा नाण्यांचे चलन नव्हते, म्हणून चांदी तराजूत तोलली गेली. साक्षीदारांनी सह्या केल्या, मोहर लागली. यिर्मयाने मग मोहरबंद खत आणि उघडे खत अशी दोन्ही लेखनिक बारूखच्या हाती दिली आणि ती पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितले.

दोन खते कशासाठी? पुढच्या काळातले दस्त पाहिले की पद्धत कळते. एकाच पानावर मजकूर दोनदा लिहायचा. वरचा भाग गुंडाळून, दोऱ्याने बांधून मोहरबंद करायचा, खालचा वाचण्यासाठी मोकळा ठेवायचा. उघड्या मजकुरात कोणी फेरफार केल्याचा वाद निघाला, तर मोहर फोडून आतला ताडून पाहायचा. मृत समुद्राजवळ नहल हेवेरच्या गुहेत 1961 मध्ये बाबाथा नावाच्या ज्यू बाईचे दप्तर सापडले, त्यात इ.स.च्या दुसऱ्या शतकातले असे दुहेरी दस्त आहेत. मेसोपोटेमियात त्याच्याही कितीतरी आधी मातीच्या पाटीवर मातीचेच पाकीट चढवून त्यावर करार पुन्हा लिहीत. बारूखच्या नावाची म्हणून गाजलेली मोहर मात्र पुरावा म्हणून धरू नये. तिच्या खरेपणावर अभ्यासकांनी गंभीर शंका घेतली आहे.

‘या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील,’ हा या खताचा अर्थ यिर्मयाच्या ग्रंथातच दिला आहे. माझ्या मते त्याची ताकद दस्ताच्या रुक्षपणात आहे. नुसते आश्वासन विसरता येते. साक्षीदारांसमोर झालेले खत मागे घेता येत नाही. त्यात यिर्मयाला लग्न करण्याची देवाची मनाई होती, म्हणजे मुलाबाळांसाठी ही तजवीज नव्हतीच. ज्या अनाथोथकरांनी कधीकाळी त्याच्या जिवावर उठण्याचा बेत केला होता, त्यांच्याच शिवारात त्याने जमीन घेतली. पुढे लोकांनी त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेले. त्या शेतात त्याने पाऊल ठेवल्याचा उल्लेख कुठेही नाही.

दस्त तोडण्याचाही असतो. याच यिर्मयाच्या ग्रंथाच्या 3 ऱ्या अध्यायात देव इस्राएलला, म्हणजे रूपकातल्या आपल्या बायकोला, सोडचिठ्ठी देऊन घालवतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायानुसार सोडचिठ्ठी घेऊन दुसऱ्याची झालेली बायको पहिल्या नवऱ्याला पुन्हा बायको म्हणून घेता येत नाही, म्हणजे परतीची वाटच बंद. पण बाबेलला नेलेल्या निर्वासितांशी बोलताना यशया या पुस्तकाच्या 50 व्या अध्यायात देव उलट विचारतो: तुमच्या आईची सोडचिठ्ठी कुठे आहे? कोणत्या सावकाराला मी तुम्हांला विकले? प्रश्न थेट वकिली आहे. अनेक अभ्यासक तो असाच वाचतात: दाखवायला कागद नाही, म्हणजे घटस्फोट झालेलाच नाही, आणि घरी परतायला कायद्याची आडकाठी नाही.