जीपीएस बसवलं म्हणजे बस कळली, असं नाही

"गाडीत जीपीएस आहे ना? मग ॲपवर बस दिसलीच पाहिजे!" स्वारगेटच्या थांब्यावर हे हमखास ऐकू येतं. पण जीपीएस एवढंच सांगतं, की अमुक गाडी आत्ता सारसबागेजवळ आहे. ती कात्रजला निघालीय, निगडीला, की रिकामी डेपोत, हे त्याला ठाऊक नसतं. ते डेपोतल्या नोंदीत असतं: कोणती गाडी, कोणता मार्ग, कितवी फेरी. ऐनवेळी गाडी बंद पडून दुसरी काढली आणि नोंद कागदावरच राहिली, की ॲपवर भलतीच बस धावते.

दुसरी गोम थांब्यांची. 'मनपा' म्हटलं की पुणेकराला कळतं. संगणकाला 'मनपा', 'मनपा भवन', 'महापालिका' हे तीन थांबे वाटतात. (समोरासमोरचे दोन थांबे तर एकाच नावाचे!) म्हणून प्रत्येक थांब्याला स्वतःचा क्रमांक हवा, आणि वेळापत्रकात, तिकीट यंत्रात, ॲपमध्ये तोच. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २००५ साली गूगलबरोबर माहितीची अशी सामायिक मांडणी सुरू केली. आज ती जीटीएफएस म्हणून जगभर चालते. तिच्यातही मार्ग, फेरी नि थांबा क्रमांकांनीच जोडलेले असतात.