एवढा डेटा हवेत मावतो कसा?

३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये जगातला पहिला एसएमएस गेला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’ एवढाच. एका एसएमएसमध्ये जास्तीत जास्त १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्याची १६० अक्षरं होतात, देवनागरीत फक्त ७०. त्यामुळे मराठीतला जरा मोठा निरोप लगेच दोन-तीन तुकड्यांत विभागला जायचा. आज फोनवर चांगल्या दर्जाचा व्हिडिओ पाहताना दर सेकंदाला साधारण ५० लाख बिट येतात, म्हणजे सव्वासहा लाख बाइट (आठ बिटचा एक बाइट). काठोकाठ भरलेले चार हजारांहून जास्त एसएमएस, एका सेकंदात! तासाभरात सव्वादोन जीबी.

डेटाचा वापर किती वाढला हे वरचेवर कानावर येतं. तो वाढू कसा शकला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही, आणि मला तोच अधिक विलक्षण वाटतो. कारण रेडिओलहरींसाठीची जागा मोजकी आहे.

आधी वाढ कुठून आली ते पाहू. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन. डिसेंबर २००९ मध्ये जगभरच्या मोबाइल नेटवर्कवर डेटाने पहिल्यांदा बोलण्याला मागे टाकल्याचं एरिक्सन कंपनीच्या मोजणीत दिसलं. त्याच महिन्यात स्टॉकहोम आणि ऑस्लो इथे फोर-जी सुरू झालं. बोलण्याला मुळात फार डेटा लागतच नाही. टू-जीवरचं मिनिटभराचं संभाषण एका दिशेने जेमतेम १०० केबीत बसायचं, आणि माणूस बोलून बोलून बोलणार तरी किती? डोळ्यांची भूक वेगळी. चित्र जितकं स्पष्ट, तितकं ते आणखी स्पष्ट हवंसं वाटतं. आज मोबाइल डेटाचा सर्वांत मोठा वाटा व्हिडिओचाच आहे.

आता जागेचं बघू. फोनची बहुतेक वाहतूक काहीशे मेगाहर्ट्झपासून काही गिगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर चालते. त्याच पट्ट्यात वायफाय, टीव्ही, रडार, उपग्रह यांनाही जागा लागते. ठरावीक पट्ट्यातून किती माहिती जाऊ शकते याची कमाल मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवून दिली. ती पट्ट्याच्या रुंदीवर (ही रुंदी हर्ट्झमध्ये मोजतात) आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार आहे यावर अवलंबून असते. पण नुसता आवाज चढवून फार काही हाती लागत नाही. सिग्नल आधीच जोरदार असेल, तर त्याची ताकद दुप्पट केल्यावर प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला अवघा एक बिट वाढतो.

यावरचा तोडगा शॅनन यांच्या गणिताच्याही एक वर्ष आधी, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुचला होता. संपूर्ण शहरासाठी एकच ताकदवान टॉवर उभारण्याऐवजी शहराचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे करायचे. प्रत्येक कप्प्यात कमी ताकदीचा टॉवर ठेवायचा, म्हणजे काही कप्पे सोडून पुढे तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरता येते. ‘सेल’ म्हणजे हा कप्पा, आणि ‘सेलफोन’ हे नाव त्यावरूनच पडलं. कप्प्याची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई होतं. तेवढ्याच शहरात चौपट कप्पे बसतात आणि तीच हवा चौपट माहिती वाहते.

हातात धरून बोलायच्या मोबाइलवरून १९७३ मध्ये पहिला कॉल करणाऱ्या मार्टिन कूपर यांच्या नावाने एक हिशेब सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनतारी संपर्काची क्षमता सुमारे दहा लाख पटींनी वाढली. त्यात जास्त स्पेक्ट्रम, म्हणजे लहरींचा अधिक पट्टा, खुला झाल्याने २५ पट, त्याचे बारीक भाग पाडल्याने ५ पट, सिग्नल रचण्याच्या चांगल्या पद्धतींमुळे ५ पट आणि कप्पे लहान केल्याने १६०० पट. या शेवटच्या आकड्याशी मी नेहमी थबकतो. सगळं कौतुक फोनच्या वाट्याला येतं, पण खरी मजल टॉवर जवळ आल्याने मारली गेली. टॉवर लांब असावा असं अनेकांना वाटतं. फोन मात्र टॉवरच्या अंतराप्रमाणे आपली ताकद कमीजास्त करतो. टॉवर लांब गेला की कानाशी धरलेल्या फोनलाच जास्त जोर लावावा लागतो, आणि बॅटरीही लवकर उतरते.

दुसरी करामत व्हिडिओ दाबून लहान करण्याची. फुल एचडी चित्रं सेकंदाला ३० या वेगाने जशीच्या तशी पाठवायची तर दीड अब्ज बिट लागतील. येतात ५० लाख, म्हणजे तीनशेवा हिस्सा. न बदललेली भिंत पुन्हा पाठवायची नाही, हललेला हात तेवढा पाठवायचा. आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे. या गाळणीमागचं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. आपण रोज त्याचा लाभ घेतो, पण ही नावं फार थोड्यांना ठाऊक आहेत, याचं मला वाईट वाटतं.

मग एवढी बचत होऊनही वापर वाढतच का जातो? कोळसा कमी खाणारी वाफेची इंजिनं आल्यावर कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिलं होतं. इथेही तेच घडतं. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकडा किती वेगाने पोचला हे फोन मोजतो आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. नेटवर्क सुधारलं की आपण बोटही न हलवता तोच व्हिडिओ जास्त डेटा खाऊ लागतो. सेटिंगमध्ये दर्जा बांधून ठेवला, तरच हे थांबतं.

अधिक मोकळ्या जागेसाठी फाइव्ह-जी २४ गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींपर्यंत पोचलं आहे. तिथे पट्टे ऐसपैस आहेत, पण या लहरी भिंतीशी अडतात आणि झाडांच्या पानांतून जातानाही क्षीण होतात. म्हणजे कप्पे आणखी लहान, टॉवर आणखी जवळ. त्यातल्या बहुतेक टॉवरना फायबरची तार जोडावी लागते. बिनतारी म्हणवणारा आपला डेटा शेवटचे काहीशे मीटर किंवा फार तर काही किलोमीटरच हवेतून येतो. त्याआधीचा बहुतेक प्रवास, समुद्राच्या तळावरून येणारासुद्धा, केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून झालेला असतो.