व्हॅक्यूम आणि व्हॅक्यूम फुल: डिस्क भरली म्हणून फुल लावू नका

सोलापुरात स्वतःचा मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं, पण कुणालाही स्वतः चालवता येणारं सोशल नेटवर्क) सर्व्हर चालवणारी मंडळी बोटावर मोजण्याइतकी, पण सगळ्यांची तक्रार एकच: "व्हॅक्यूम मारला की बे, पण डिस्क तेवढीच भरलेली दिसतेय." पुढचं वाक्यही ठरलेलं: "आता दर रविवारी फुल लावतो." लावू नका. मॅस्टोडॉनच्या पोस्ट पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये राहतात; व्हॅक्यूम ही त्याची सफाईची आज्ञा आणि व्हॅक्यूम फुल हा तिचा दुसरा प्रकार. साधा व्हॅक्यूम हलका आणि फुल कडक, काम मात्र एकच, हा समज मुळातच चुकीचा आहे.

पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर खोडत नाही, नवी लिहून जुनी मेलेली म्हणून सोडून देतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा फोटो कुणी टाकला आणि त्यावर पसंतीचा पाऊस पडला, की प्रत्येक पसंतीला त्या पोस्टच्या आकड्यांची ओळ नव्याने लिहिली जाते. मेलेल्यांपैकी काही वाटेतच साफ होतात, उरलेल्या व्हॅक्यूमच्या वाट्याला येतात. इथपर्यंत कुणाचा गोंधळ नसतो.

गोंधळ होतो तो मोकळी झालेली जागा कुणाला मिळते यावरून. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं चादरींचं गोदाम घ्या. साधा व्हॅक्यूम म्हणजे विकल्या गेलेल्या मालाचे रॅक रिकामे करणं. गोदाम तेवढंच राहतं, भाडंही तेवढंच, पण उद्या येणारा गठ्ठा त्याच रॅकवर बसतो आणि नवा गाळा घ्यावा लागत नाही. व्हॅक्यूम फुल म्हणजे शटर ओढून सगळा जिवंत माल दुसऱ्या, लहान गोदामात हलवणं आणि मग जुनं सोडून देणं. हलवाहलव चालू असेपर्यंत दोन्ही गोदामं तुमच्याकडेच हवीत, आणि गिऱ्हाईक दारात ताटकळणार.

म्हणून साध्या व्हॅक्यूमनंतर डिस्कचा आकडा उतरला नाही तर काही बिघडलेलं नसतं. टेबलाच्या (डेटाबेसमधल्या नोंदींच्या तक्त्याच्या) शेवटची पानं पूर्ण रिकामी असतील तरच तेवढी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत जाते. बाकीची त्याच टेबलात पुढच्या पोस्टसाठी राखून राहते. रोज नव्या पोस्ट येणाऱ्या सर्व्हरवर हेच हवं असतं.

फुल चालू असताना त्या टेबलाला पूर्ण कुलूप लागतं. लिहिणं तर सोडाच, वाचणंही थांबतं. पोस्टच्या टेबलावर लावलात तर टाइमलाइन लटकते आणि साइडकिकची (मॅस्टोडॉनची मागची कामं उरकणारा प्रोग्रॅम) रांग वाढत जाते. शिवाय जिवंत माल नव्या फाइलमध्ये उतरवायला तेवढी मोकळी जागा लागते, इंडेक्सही (ओळी पटकन शोधायच्या सूच्या) नव्याने बांधले जातात. डिस्क 90 टक्के भरली म्हणून फुल लावणारा माणूस नेमकी नसलेली जागा मागत असतो. काम अर्ध्यात मोडतं, आणि डब्ल्यूएएल (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो ती नोंदवही) त्याच पार्टिशनवर असेल तर अख्खा डेटाबेस बसू शकतो.

मॅस्टोडॉनमध्ये हा खड्डा एका पर्यायाखाली झाकलेला आहे. बाहेरच्या सर्व्हरवरून आलेल्या, कुणी न वापरलेल्या 90 दिवसांहून जुन्या पोस्ट काढणारी टूटसीटीएलची (मॅस्टोडॉनचं कमांड-लाइन साधन) आज्ञा आहे. तिला 'कॉम्प्रेस डेटाबेस' हा पर्याय जोडलात की मागे फुल व्हॅक्यूमच धावतो. सर्व्हर बंद ठेवायची तयारी नसेल तर तो पर्याय वापरू नका.

मग फुल कधी? एकदाच प्रचंड सफाई केली आणि ते टेबल पुन्हा तेवढं भरणार नाही याची खात्री असेल तेव्हा. तेव्हाही मी त्याऐवजी पीजी रिपॅक हे वेगळं साधनच वापरेन. जागा त्यालाही तेवढीच लागते, टेबलावर प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) किंवा तसा युनिक इंडेक्स हवा, पण पूर्ण कुलूप फक्त सुरुवातीला आणि शेवटी, थोड्या वेळापुरतं.

बाकीचं थोडक्यात. ॲनालाइझ फक्त पोस्टग्रेसची टेबलांविषयीची आकडेवारी ताजी करतो, जागेशी त्याचा संबंध नाही. फोटो-व्हिडिओ डेटाबेसमध्ये नसतातच, ते वेगळे काढा. इंडेक्स फुगला असेल तर पोस्टग्रेसच्या 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून रीइंडेक्स कन्करंटली (लिहिणं-वाचणं न थांबवता इंडेक्स नव्याने बांधणं) आहे.

ऑटोव्हॅक्यूम (साधा व्हॅक्यूम आपोआप चालवणारी सोय) बंद करण्याचा सल्ला देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. "सर्व्हर जड होतो" म्हणे! तो उशिरा धावतो म्हणून जड होतो. मूळ सेटिंगनुसार साधारण 20 टक्के ओळी मेल्यावर तो जागा होतो, म्हणजे एक कोटी ओळींच्या टेबलात वीस लाख मेलेल्या साचल्यावर. मोठ्या टेबलांपुरता हे प्रमाण ठरवणारा स्केल फॅक्टर 0.02 वर, म्हणजे 2 टक्क्यांवर, आणा. तो वारंवार, थोडं-थोडं काम करेल आणि कुणाला जाणवणारही नाही.

एवढं करूनही पीजी स्टॅट यूजर टेबल्समध्ये (टेबलांची आकडेवारी दाखवणारी पोस्टग्रेसची यादी) मेलेल्या ओळींचा आकडा हटत नसेल, तर फुलकडे वळण्याआधी उघडं राहिलेलं जुनं ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांचा गट) शोधा. ते संपेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी कुठलाच व्हॅक्यूम काढू शकत नाही, फुलसुद्धा नाही. घरच्या ब्रॉडबँडवर बहुतेकदा दोषी असतो तो रात्रीचा बॅकअप: पीजी डंपने काढलेली डेटाबेसची प्रत थेट दूरच्या मशीनवर पाठवली जाते, अपलोड रखडतं आणि स्नॅपशॉट (डंप सुरू झाला त्या क्षणाचं डेटाबेसचं चित्र) सकाळपर्यंत धरलेला राहतो. डंप आधी दुसऱ्या लोकल डिस्कवर उतरवा, मग ती फाइल सावकाश वर चढवा.