बटव्यातला अडकित्ता आणि विमानतळावरची यादी

इंदूरच्या विमानतळावर एक्स-रे यंत्रातून बटवा बाहेर आला आणि पडद्यासमोरच्या मुलानं तो बाजूला काढला. आत लवंगा, चुन्याची डबी आणि पितळी मुठीचा अडकित्ता. "माताजी, इसमें धार है." आत्या म्हणाली, "भिया, ये तो सुपारी का है." रामबागेत पन्नास वर्षं काढलेल्या बाईची हिंदी अशीच असते. मुलगा हसला, पण अडकित्ता काही सुटला नाही. पार्किंगपर्यंत पोचलेल्या भाच्याला फोन करून परत बोलावलं, तो तपासणीच्या दारापाशी आला आणि अडकित्ता घेऊन घरी गेला. पुण्यात उतरेपर्यंत आत्याचा एकच प्रश्न होता, हे सगळं ठरवलं कुणी?

कुणी एकानं बसून ठरवलेलं नाही. हातातल्या बॅगेत काय नको, त्या यादीतल्या बहुतेक वस्तूंना एकेक तारीख चिकटलेली आहे.

बिजासनच्या टेकडीजवळची इंदूर विमानतळाची ही जागा होळकर संस्थानानं १९३५ मध्ये टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेऊन विमानांसाठी निवडली. जुलै १९४८ मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईची विमानं सुरू झाली. त्या काळात प्रश्न असायचा तो सामानाच्या वजनाचा. अडकित्ता, चाकू, काडेपेटी खिशात असली तर कुणाला त्याचं काही वाटत नसे.

आपल्याकडे चित्र बदललं ३० जानेवारी १९७१ ला. इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे फॉकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघालं होतं, ते दोन तरुणांनी लाहोरला नेलं. प्रवाशांना सोडलं आणि नंतर विमान जाळलं. पुढे कळलं की त्यांच्या हातातलं पिस्तूल खेळण्यातलं होतं आणि हातबॉम्ब लाकडी. या घटनेनंतर भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीतून उडायला बंदी केली. बांगलादेश युद्धाच्या वर्षात पश्चिम आणि पूर्व पाकिस्तानातली वाहतूक त्यामुळे श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली. लाकडाच्या दोन तुकड्यांनी एवढी उलथापालथ केली.

२० डिसेंबर १९७८ ला पुन्हा तेच. लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान दोघांनी वाराणसीला उतरवलं. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची, आणि हत्यारं होती खेळण्यातलं पिस्तूल आणि कापडात गुंडाळलेला चेंडू. हे दोघं पुढे उत्तर प्रदेशात आमदार झाले. आज नातवाच्या बॅगेतली प्लास्टिकची बंदूक काढून ठेवायला लावतात तेव्हा आईबापांना तो अतिरेक वाटतो. पण पस्तीस हजार फुटांवर खरी बंदूक कोणती आणि खोटी कोणती, याची खात्री करत बसायला वैमानिकाला सवड नसते.

अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस विमान पळवणं इतकं वाढलं की ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातलं सामान तपासणं सक्तीचं झालं. आपल्याकडे १० सप्टेंबर १९७६ ला दिल्ली-मुंबई विमान लाहोरला पळवलं गेल्यावर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरो सुरू झाला. जून १९८५ मध्ये 'कनिष्क' विमान स्फोटानं अटलांटिकवर कोसळलं आणि ३२९ माणसं गेली. तो स्फोट मात्र विमानाच्या पोटातल्या सामानात झाला होता. त्यानंतर, १९८७ मध्ये, ब्युरो स्वतंत्र खातं झाला. बंदी असलेल्या वस्तूंची यादी काढतो तो हाच.

आता धारेबद्दल. सप्टेंबर १९८१ मध्ये दिल्लीहून अमृतसरमार्गे श्रीनगरला जाणारं विमान कृपाणांच्या धाकानं लाहोरला नेलं होतं. तरीही शीख प्रवाशाला देशांतर्गत उड्डाणात कृपाण नेता येतं, पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. श्रद्धा आणि सुरक्षा यांच्यातली तडजोड इंचांत मोजून ठेवलेली आहे. बाकी पात्यांवरची खरी कुऱ्हाड कोसळली ती ११ सप्टेंबर २००१ नंतर. त्याआधी अमेरिकेत चार इंचांखालचं पातं विमानात सर्रास चालायचं. आत्याचा अडकित्ता अडला तो या हिशेबात. त्याआधी डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं गेलं होतं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आले.

काडेपेटीचीही गोष्ट आहे. २२ डिसेंबर २००१ ला पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकजण काड्या ओढून स्वतःच्या बुटाला लावायचा प्रयत्न करत होता, कारण बुटात स्फोटकं होती. अमेरिकेनं एप्रिल २००५ मध्ये लायटरवर बंदी घातली आणि ऑगस्ट २००७ मध्ये साधे लायटर पुन्हा चालू दिले. या यादीतून काही पुसलं जाणं तसं दुर्मीळच. आपल्याकडे लायटर आणि काडेपेटी आजही चालत नाही.

पातळ पदार्थांचं प्रकरण मात्र लोकांना सगळ्यात कमी पटतं. डिसेंबर १९९४ मध्ये मनिलाहून टोकियोला जाणाऱ्या विमानात सीटखाली स्फोट होऊन एक जपानी प्रवासी मेला. द्रवरूप स्फोटक आत आलं होतं कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याच्या द्रावणाच्या बाटलीतून. बाटल्यांचा नियम मात्र आला बारा वर्षांनी. १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांत स्फोटकं भरून अटलांटिकवर विमानं उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हा कुठे १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या आणि त्या ठेवायला एक लिटरची पारदर्शक पिशवी, हा नियम आला. त्या काळच्या एक्स-रे यंत्राला द्रवाची घनता साधारण कळायची, पण तो नेमका कोणता हे ओळखता येत नव्हतं. म्हणून निदान आत येणारं प्रमाण तरी आवळायचं, असा हा तोडगा. देशातल्या देशात, इंदूरहून पुण्याला जाताना, माझी पाण्याची बाटली कधी अडली नाही. पण २०१९ मध्ये इंदूर-दुबई विमान सुरू झालं आणि इंदुरी माणसाला कळलं की शिकंजी, श्रीखंड आणि तेल सुटलेलं कैरीचं लोणचं हे तिन्ही सुरक्षेच्या भाषेत एकाच पंगतीत बसतात. रतलामी सेव बिचारी कुठेच अडत नाही. जिरावणाच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या, मोठ्या पाकिटाकडे मात्र अमेरिकेला जाताना बारकाईनं बघतात. जुलै २०१७ मध्ये सिडनीहून निघणाऱ्या विमानात मांस कुटायच्या यंत्रात स्फोटक लपवून पाठवायचा डाव होता. त्यानंतर जून २०१८ अखेरपासून अमेरिकेला जाणाऱ्यांची ३५० मिलिलिटरवरची पूड वेगळी काढून तपासायला लागले.

खोबरंही या यादीत आहे, पण त्यामागे दहशतवाद नाही, रसायनशास्त्र आहे. सुकं खोबरं तेलकट असतं, साठून राहिलं की आतल्या आत तापतं. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांक आहे आणि वर्ग आहे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा. ओटीच्या वाट्या घेऊन लग्नाला निघणाऱ्यांना हे सांगून बघा, आधी हसतातच. अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये चालत नाही. २०२२ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ ठेवायला ठरावीक मुदतीपुरती खास परवानगी द्यावी लागली होती.

पॉवर बँकेचा नियम या सगळ्याच्या उलटा. ती खालच्या सामानात चालत नाही, हातातच ठेवावी लागते. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ एक मालवाहू विमान पडलं, दोघे वैमानिक गेले. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. बॅटरी पेटलीच तर ती माणसांच्या नजरेसमोर पेटावी, म्हणजे पाणी ओतता येतं. पोटातल्या अंधारात पेटली तर कळायलाच उशीर होतो. मर्यादा १०० वॅट-तासांची, म्हणजे नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबानं साधारण २७,००० एमएएच. आकडा पुसट झालेली, भुरकट प्लास्टिकची पॉवर बँक घेऊन वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

आत्या आता सुपारी घरीच कातरून डबीत भरते. अडकित्ता जुन्या नऊवारीच्या घडीत, मोठ्या बॅगेत तळाशी जातो. गेल्या खेपेला त्याच घडीत तिनं पॉवर बँकही नीट गुंडाळून ठेवली होती, आणि काउंटरवर सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागली.